घैसाससाहेबांची परिक्रमा

इतका ठाम आणि इतका चुकीचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. घैसाससाहेब पांगाऱ्यासमोर उभे राहून त्याला काटेसावर म्हणायचे, आणि अशा आवाजात म्हणायचे की पांगाऱ्यालाही क्षणभर स्वतःबद्दल शंका यावी. किंजळीला ते ऐन म्हणत, कुंभ्याला काहीतरी लॅटिन म्हणत. मागे उभे असलेले पनवेलचे वकील, डॉक्टर, भातगिरणीवाले माना डोलवत. एखादा वहीत लिहूनही घेई. मी धरणावरचा ओव्हरसियर. झाडं ओळखण्याचा पगार मला मिळत नव्हता, म्हणून मी गप्प बसायचो.

पनवेलच्या पूर्वेला, डोंगराच्या पोटात, गोऱ्या साहेबाच्या काळात दगडी बांध घालून अडवलेला हा तलाव. गावाच्या नळाला पाणी इथून जायचं. चारी बाजूंनी राखीव जंगल. बांधाच्या टोकाला माझं क्वार्टर होतं. मी, माझी बायको रिबेका आणि दोन मुली. सकाळी उठून पट्टीवर पाण्याची पातळी बघायची, वहीत मांडायची, व्हॉल्व्ह फिरवून घ्यायचा. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा बांधाखालच्या गावातला एक रिकामा बंगला भाड्याने घेऊन घैसाससाहेब राहायला आले. जंगलखात्यातून निवृत्त झालेले रेंजर. बायको वारलेली, मुलगी नागपूरला दिलेली. शुद्ध हवेसाठी आलो, असं ते सांगायचे. मला पुढे कळलं की त्यांची सगळी नोकरी चांद्याकडच्या एका लाकूडडेपोत गेली होती. म्हणजे आडवी पडलेली, नंबर मारलेली झाडं त्यांना चांगली ओळखता यायची. उभ्या झाडांशी त्यांचा संबंध आला तो इथेच.

आल्यापासून महिन्याच्या आत त्यांनी 'वाटा शोधल्या'. शब्द त्यांचाच. तलावाभोवती फिरणाऱ्या तीन पायवाटा त्यांनी शोधून काढल्या, वाटेवरच्या दगडांना चुना फासून त्यांवर आकडे घातले आणि तिघींना नावं दिली. सर्वांत लांब वाट, जी पूर्ण तलावाला वळसा घालून बांधावरून परत येते, तिचं नाव ठेवलं जलाशय-परिक्रमा. जिथे गुरं पाण्यावर उतरत त्या उताराचं नाव प्रभात-दर्शन. पहिल्या वळणावर पत्र्याची पाटी लावली: 'थांबा. पाहा. विचार करा.' त्या पाटीच्या खांबाला म्हशी पाठ घासत. थांबून, पाहून, विचार करून पाठ घासत असाव्यात, कारण महिन्याभरात खांब कलला.

वाटा शोधल्याची बातमी तलावामागच्या ठाकरवाडीला कळली ती बांधावर, माझ्यादेखत. चांगुणा ठाकरीण डोक्यावर पळसाच्या पानांचा भारा घेऊन पनवेलच्या बाजाराला निघाली होती. पत्रावळ्यांसाठी ही पानं बाजारात खपत. पन्नाशीची, सडसडीत, काळीभोर बाई. ठाकर लोक कलेक्टरलाही अरे-तुरे करतात, त्यात उद्धटपणा नसतो. त्यांच्या भाषेत दुसरं रूपच नाही. चुन्याचा दगड तिने पायाने चाचपला आणि घैसासांना विचारलं, "ह्यो काय केलास रं?"

"ही वाट मी शोधली आहे, बाई. लोकांना कळावी म्हणून खूण."

"ही वाट? ही वाट माजी आजी चालायची. तुला कशी सापडली? हरवली व्हती का?"

मी पाण्याच्या पट्टीकडे तोंड फिरवून उभा राहिलो. घैसाससाहेब मात्र गडबडले नाहीत. त्यांना लाज नावाची सोय देवाने दिलीच नव्हती. ते म्हणाले, "ती नुसती पायवाट होती, बाई. आता तो मार्ग झाला."

चांगुणाने थोडा विचार केला. "पन जातो तितंच ना?" असं विचारून ती चालू लागली.

रविवारी पनवेलची मंडळी टांग्यांनी, सायकलींनी येत. आठ-दहा जण, कधी पंधरा. साहेबांच्या गळ्यात दोरीला बांधलेली पितळी शिट्टी, हातात लोखंडी टोकाची काठी. एक शिट्टी म्हणजे चला, दोन म्हणजे थांबा. एका रांगेत चालायचं. भाताच्या दराबद्दल बोलायचं नाही, कोर्टाबद्दल बोलायचं नाही, खाण्याबद्दल तर नाहीच. "बाजार खाली सोडून या," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं ठरलेलं वाक्य, "जंगल वाचायचं असतं." हे म्हणताना ते काठीने एखाद्या झाडाच्या सालीवर टकटक करत, फळ्यावर मास्तर करतात तसं. प्रभात-दर्शनला पाच मिनिटं मौन. तेवढ्या वेळात फक्त भातगिरणीवाल्यांच्या पोटातली गुरगुर ऐकू यायची, आणि साहेब डोळे मिटून म्हणायचे, "हा बघा, दूर कुठेतरी नर भेकर." कुणी हसत नसे. शिकलेली माणसं किती सहज फसतात, ते मी त्या रविवारांत शिकलो. ती फसत नसतात, त्यांना फसायचं असतं. घरी जाऊन सांगायला नर भेकर बरा पडतो.

मला हे बघायला मजा येई, हे कबूल करायला हवं. रात्री जेवताना मी रिबेकाला त्यांची नक्कल करून दाखवायचो. मुली हसून लोळायच्या. रिबेका एकदा म्हणाली, "एकटा माणूस आहे. तुम्हाला एवढं काय लागतं त्याचं?" मी म्हणालो, "एकटा आहे कारण एवढं खोटं एका घरात मावत नाही."

पण गंमत तिथेच संपली नाही. पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी मुंबईहून एक मोठे अधिकारी सपत्नीक आले. साहेबांनी आठ दिवस आधीपासून तयारी केली होती, फक्त दगडांना चुना फासायचा राहिला होता. पावसाने आकडे धुऊन गेले होते. मी आठवण करून दिली तर म्हणाले, "पेणकर, आकडे बाजारी लोकांसाठी. मला लागत नाहीत." पाहुणे सरकारी, म्हणून मलाही पाण्याचा कॅन घेऊन मागे चालणं भाग पडलं.

सकाळी आठला निघालो. दहाला आम्ही करवंदीच्या एका मोठ्या जाळीजवळून गेलो. पावणेअकराला पुन्हा गेलो. साडेअकराला तिसऱ्यांदा गेलो तेव्हा बाईसाहेब म्हणाल्या, "ही जाळी आपण मघाशी पाहिली ना?"

"करवंदीच्या जाळ्या सारख्याच दिसतात, बाईसाहेब," घैसास म्हणाले, "नवख्या डोळ्याला."

त्या जाळीवर बाईसाहेबांच्याच पदराचा फाटलेला कोपरा लटकत होता. मी तो काढून खिशात घातला. बोललो नाही. मला वाट माहीत होती का? साधारण माहीत होती. सूर्य कुठे आहे आणि पाणी कुठे असणार, एवढं तर कुणालाही कळतं. पण मला शेवट बघायचा होता. माणूस किती वेळ चुकत राहू शकतो ते बघायचं होतं. बाईसाहेबांच्या चपलेचा अंगठा तुटला, त्यांचे यजमान घामाने निथळत होते, आणि मी कॅन खांद्यावर घेऊन मनातल्या मनात खूश होतो.

साडेबाराच्या सुमारास समोरून चांगुणा आणि दोघी बायका आल्या. बाजार लवकर आटोपला होता, टोपल्या रिकाम्या होत्या.

"कुटं चाललास?" तिने घैसासांना विचारलं.

"परिक्रमेला."

"मंग तलाव तं मागं राहिला."

ती पुढे झाली. बाईसाहेबांची तुटकी चप्पल तिने टोपलीत टाकली, त्यांचा हात धरला आणि काट्यांतून वाट काढत वीस मिनिटांत आम्हाला बांधावर आणून सोडलं. पाणी पिऊन त्या तिघी वाडीकडे परत वळल्या, कारण आमच्यासाठी त्या उलट्या आल्या होत्या.

बंगल्याच्या ओटीवर बसल्यावर घैसासांनी अधिकाऱ्यांना सांगितलं की पूर्ण क्षेत्राची कल्पना यावी म्हणून आपण मुद्दाम लांबचा मार्ग घेतला. तेही मी गिळलं. मग अधिकाऱ्यांनी तीन पेले पाणी पिऊन विचारलं, "त्या बायका अशा रोज राखीव जंगलातून ये-जा करतात? टोपल्या घेऊन?"

त्या क्षणी त्यांना खरं बोलता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं की साहेब, त्यांनी आज आपल्याला बाहेर काढलं. घैसास म्हणाले, "तीच तर इथली मोठी अडचण आहे."

माझ्या मनातून तो माणूस उतरला तो तेव्हा. आधी तो हास्यास्पद होता. त्या वाक्यानंतर माझी मजा संपली.

दोन महिन्यांत हुकूम आला. भाऱ्यांमुळे काठाची माती ढासळते, फांद्या मोडतात आणि फिरायला येणाऱ्या लोकांची गैरसोय होते. सबब बांधाच्या टोकाला लोखंडी दार बसवून ते कायम बंद ठेवावं. रविवारच्या फेरीपुरतं उघडावं. किल्ली ओव्हरसियरकडे. हुकुमाची भाषा वाचताच मला टकटक करणारी काठी ऐकू आली. घैसास स्वतः उभं राहून दार बसवून घेत होते. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कातळापर्यंत काटेरी तार. दाराला रंग कोणता द्यावा यावर त्यांनी माझ्याशी अर्धा तास चर्चा केली. हिरवा ठरला, निसर्गात मिसळतो म्हणून. कुलूप मी लावलं. मी काही विचारलं नाही, विरोध केला नाही. नोकरी होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे दारावर हात ठेवून चांगुणा उभी होती. मागे चार-पाच बायका.

"आता कसा?" तिने विचारलं.

दुसरी वाट होती ती सांडव्याखालून, जिथे तलाव भरला की जादा पाणी कातळावरून खाली पडतं. उन्हाळ्यात तिथून शेळीही जाईल. पावसात माणसानेही जाऊ नये. मी किल्ली आणली आणि दार उघडलं. त्या दिवसापासून रोज झुंजूमुंजू व्हायच्या वेळी मी दार उघडायचो, बायका गेल्या की लावायचो, दुपारी परततानाही तसंच. चांगुणा जाताना नुसती मान हलवी. जवळजवळ दोन वर्षं हे चाललं. घैसाससाहेब सहाच्या ठोक्याला फिरायला निघत आणि बंद दार बघून समाधानाने पुढे जात. या माणसाच्या नाकाखालून मी रोज त्याचं दार उघडतो, या विचाराने माझा चहा गोड व्हायचा. स्वतःबद्दल माझं फार चांगलं मत झालं होतं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. आमचा वर्षातला सर्वांत मोठा उपास भाद्रपदात किंवा आश्विनात येतो. आमच्यात त्याला दार फाळणीचा, म्हणजे दारं बंद करण्याचा, सण म्हणतात. आदल्या दुपारी सगळं घर पनवेलला रिबेकाच्या भावाकडे जायचं, आणि दुसरा पूर्ण दिवस मशिदीत, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या घरात, प्रार्थना करत बसायचं. आदल्या वर्षी जाताना मी किल्ली व्हॉल्व्हवर काम करणाऱ्या तुकारामकडे ठेवली होती आणि काय करायचं ते कानात सांगितलं होतं. या वर्षी चार दिवस पाऊस कोसळत होता, बैलगाडीवाला ओरडत होता, धाकटीचा एक बूट सापडत नव्हता. किल्ली माझ्या कोटाच्या खिशात राहिली. विसरलो. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही.

उपास सुटला त्या संध्याकाळी तुकाराम मेव्हण्याच्या दारात भिजून उभा होता. पहाटे बायका दाराशी आल्या, त्यांनी बराच वेळ हाका मारल्या. मग सांडव्याखालून निघाल्या. सगळ्यांत पुढे चांगुणा. पाण्याने तिचे पाय उचलले आणि भाऱ्यासकट तिला खालच्या कातळावर आपटलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. मागच्या दोघींनी लुगडं धरून तिला ओढून काढलं. तुकाराम म्हणाला, "घैसाससाहेब फिरायला आले होते. ते शिट्टी फुंकीत सुटले, म्हणून गावातली माणसं धावली. खाटेवर घालून तिला इथल्या दवाखान्यात आणलं." मी कोटाच्या खिशात हात घातला. किल्ली तिथेच होती.

आठ दिवसांनी चौकशी झाली, घैसासांच्याच ओटीवर. चौकशीला आलेले गृहस्थ तरुण होते, त्यांना दुपारची गाडी पकडायची होती. घैसास मातीच्या धुपेवर बराच वेळ बोलले. मग म्हणाले, "दार बंद ठेवावं ही सूचना माझी. कुलूप लावलं पेणकरांनी. किल्ली त्यांच्याकडे." माझे कान तापले. शब्दाशब्दाला खरं होतं, म्हणून जास्तच संताप आला.

"ते दार हुकुमाविरुद्ध कधी उघडलं जात होतं का?" त्या गृहस्थांनी विचारलं.

मी जमिनीकडे बघत राहिलो. हो म्हटलं असतं तर नोकरी गेली असती.

"नाही," घैसास म्हणाले. "माझ्या पाहण्यात नाही. आणि मी रोज पाहतो."

मी सुटलो. आणि सुटल्यावर मला काय वाटलं असेल? उपकार वगैरे काही नाही. वाटलं, आंधळा! दोन वर्षं रोज उघडतो आहे आणि याला पत्ता नाही.

दोष कुणाचाच निघाला नाही. बाईने धोक्याच्या जागेवरून जाण्याचा प्रयत्न केला, असं लिहिलं गेलं. घैसासांनी सांडव्यापाशी पाटी लावली: 'सावधान. येथून जाऊ नये.' वाडीत एकालाही वाचता येत नव्हतं. मी कुलूप काढून तलावात टाकलं. कुणी विचारलं नाही, घैसासांनीही नाही. पनवेलची मंडळी पुढच्या रविवारी आली नाहीत, त्यानंतरच्याही नाही. नर भेकरापर्यंत ठीक होतं, पण मोडलेली बाई त्यांना नको होती. दिवाळीनंतर घैसासांनी बंगला सोडला आणि ते मुलीकडे नागपूरला गेले. चांगुणा पुढे काठी टेकत चालू लागली, बाजारालाही जाऊ लागली. भारा मात्र सुना घ्यायच्या.

जाण्यापूर्वी साहेब मला एकदाच एकटे भेटले, दवाखान्याच्या पायऱ्यांवर.

मी आधी एकदा चांगुणाला बघून आलो होतो. खाटेच्या कडेला उभा राहून म्हणालो होतो, "माझं चुकलं." "हां, चुकलास. आमी लई हाका मारल्या," ती म्हणाली. मग पाणी मागितलं. मी पेला तिच्या तोंडाला लावला. एवढंच झालं. पण त्यानंतर मला झोप लागू लागली होती.

दुसऱ्यांदा गेलो तर घैसास पायरीवर उभे. हातात मोसंब्यांची पिशवी. आत जाणाऱ्या-येणाऱ्यांना बाजूला होऊन वाट देत होते आणि पुन्हा त्याच जागी येऊन उभे राहत होते. किती वेळ, कोण जाणे.

"पेणकर," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "पहाटे तुम्ही दार उघडायचात ते मला माहीत होतं."

मी पुढे सरकलो, तसे ते घाईने बोलू लागले.

"पहिल्याच आठवड्यात पाहिलं. म्हणून तर मी सहापर्यंत घरातून निघायचो नाही. मला वाटलं, तुम्ही उघडता आहात, म्हणजे चाललंय. कुणाचं अडत नाही." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "हुकूम मागे घ्या असं लिहायचं होतं. दोनदा लिहायला बसलो. पण मग आधीचं सगळं का लिहिलं, तेही सांगावं लागलं असतं."

समोरून एक बाई भाताचा डबा घेऊन आली. ते बाजूला झाले, परत आले.

"इथे तिसऱ्यांदा आलोय," ते म्हणाले. "आत जाता येत नाही. पेणकर, अशा वेळी काय बोलायचं असतं?"

मला ठाऊक होतं. दोन शब्द होते, मी ते वापरले होते, आणि त्यांचं पुढे काय होतं तेही मला माहीत होतं. त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी वाट विचारली असेल.

"मला काय माहीत, साहेब," मी म्हणालो आणि त्यांना ओलांडून आत गेलो.

चांगुणापाशी मी अर्धा तास बसलो. बाहेर कोण उभं आहे ते सांगितलं नाही. निघालो तेव्हा ते तिथेच होते. वरच्या पायरीवर त्यांनी एक पाय ठेवला होता, दुसरा खालीच होता. मी मान खाली घालून बाजूने उतरलो. रस्त्याच्या वळणावरून मागे बघितलं तेव्हाही ते तसेच होते.

पुढे ते आत गेले की नाही, हे मी चांगुणाला कधी विचारलं नाही. ती त्यानंतर बारा वर्षं जगली आणि रोज माझ्या दारावरून जायची.